तीन किलोचं खोकं

१

खोक्यातून अर्धी वीट निघाली होती. सोबत तिचीच लेकरं म्हणावीत असे दोन मुठीएवढे तुकडे, आणि त्यांना धक्का लागू नये म्हणून प्रेमाने कोंबलेला तपकिरी कागद. तक्रारबाईंनी वीट उचलून हुंगली आणि परत ठेवली. विटेला विटेचाच वास होता.

"विमानाने आलेली वीट," मालक म्हणाले. "आता गावभर नाव होणार आपलं."

परदेशातली बरीच दुकानं आपल्याकडे माल पाठवायला तयार नसतात. मालकांचा धंदा नेमका त्यावरच चालायचा. त्यांनी तिकडे एक गोदाम घेतलं होतं. गिऱ्हाईक दुकानाला त्या गोदामाचा पत्ता द्यायचं, दुकान तिथे माल टाकायचं, आणि कंपनी तो विमानाने आणून, कस्टममधून सोडवून, घरपोच करायची. कॅमेरे, स्पीकर, संगणकाचे सुटे भाग, काय वाटेल ते यायचं. एवढ्या लांबच्या प्रवासात काही फुटलं, हरवलं, बदललं, की गिऱ्हाईक ज्या टेबलापाशी येऊन आवाज चढवायचं ते टेबल बाईंचं होतं. एकोणीस वर्षं त्या तिथे बसत होत्या. खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं; बाकी सगळे तक्रारबाई म्हणत, आणि त्यांचीही त्याला तक्रार नव्हती.

या खोक्यात असायला हवं होतं एक बोलायचं यंत्र. घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचं स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं, त्यांच्यासाठीचं. दिसायला लहानशा टॉर्चसारखं. बटण दाबलं की थरथरतं. ते गळ्याशी धरून ओठ हलवले की शब्द उमटतात. एका मुलीने आपल्या वडिलांसाठी मागवलं होतं, आणि वडिलांच्या हातात वीट आली होती.

"यात शोधण्यासारखं काही नाही, बाई," मालक म्हणाले. त्यांनी विटा, कागद सगळं परत खोक्यात भरलं आणि खोकं काट्यावर ठेवलं. काट्याने तीन किलो दाखवले. "बघा. लेबलवर तीन, काट्यावर तीन. ग्रॅमचा फरक नाही. बाहेरच्या चोराला एवढं सुचेल? हा आपल्यातलाच माणूस. आणि शेवटचा हात कुणाचा होता, तर गाडीवाल्याचा."

"तो अकरा वर्षं आहे आपल्याकडे."

"म्हणून तर एवढी हातसफाई आली. पाच वाजता त्याला काढल्याचं पत्र देतो आणि नाव पोलिसांत. त्याआधी तुम्हाला दुसरा कुणी सापडला, तर सांगा."

घड्याळात दीड वाजला होता. चोरीचा शिक्का बसलेल्या माणसाच्या हाती कुणी गाडीची किल्ली देत नाही, हे बाईंना माहीत होतं. आणि गाडी चालवण्याखेरीज त्या माणसाला दुसरं काही येत नव्हतं.

बाईंनी पर्स उचलली.

२

गाडीवाला बाहेरच्या बाकावर गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, दवाखान्यात नंबरची वाट बघावी तसा.

"गेल्या मंगळवारी काय झालं?" बाईंनी शेजारी बसत विचारलं.

"काय व्हायचंय, बाई? तिसऱ्या मजल्यावर नेलं, बाबांनी सही केली, मी निघालो. त्या इमारतीत तीन खोकी होती, तिन्ही एकदम नेली. त्यांचं हलकं, म्हणून सगळ्यांत वर ठेवलं आणि हनुवटीने दाबून धरलं."

"हलकं? काट्यावर तीन किलो भरलंय ते."

"मालकही तेच म्हणाले. खोटं बोलतोस म्हणाले. आता माझ्या हनुवटीला काय साक्षीला उभं करू?"

"बरं, त्याआधी गाडी चाळीस मिनिटं एका जागी उभी होती, जीपीएसवर दिसतंय. नदीपलीकडे. तिथे आपलं एकही गिऱ्हाईक नाही."

गाडीवाल्याने मान खाली घातली. "ते नाही सांगता यायचं."

"नोकरी जाईल तुझी."

"सांगितलं तरी जाईल." मग त्याने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज अगदी लहान केला. "दुसऱ्या कंपनीत मुलाखत द्यायला गेलो होतो, बाई. तिकडे रविवारची सुट्टी देतात."

बाईंना हसू आलं, पण ते त्यांनी गिळलं. "मग? घेतलं का?"

"नाही. डोळे तपासून या म्हणाले."

कर नाही त्याला डर कशाला, असं लोक म्हणतात. पण ज्याला रोज दुसऱ्याच्या हाताखाली राबायचं आहे, त्याला कर नसला तरी डर असतोच. बाईंनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि त्या कंपनीच्या इथल्या गोदामाकडे वळल्या.

गोदामवाले म्हणजे नव्या वस्तूंचे भारी शौकीन. कुणाचंही खोकं कस्टमने उघडलं, की परत बंद करण्याआधी आतली वस्तू हाताळून बघितल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. बाईंनी हे खोकं पुढे करताच ते कावरेबावरे झाले.

"हे कस्टमवाल्यांनी उघडलं होतं. यंत्र होतं आत, मी स्वतः बघितलं."

"नुसतं बघितलं?"

"बटण दाबलं एकदा," त्यांनी कबूल केलं. "तळहाताला मुंग्या आल्या. मग ठेवलं, वर-खाली आपली छापील टेप लावली, गाडीत दिलं. ही बघा टेप, मीच लावलेली. तुमच्या गिऱ्हाईकाने फोडेपर्यंत कुणी हात लावलेला नाही तिला."

बाईंनी खोकं उलटं केलं. तळाची छापील टेप मधोमध, सरळ रेषेत कापलेली होती आणि त्यावर दुसरी पारदर्शक टेप बसवली होती. एकही सुरकुती नव्हती.

गोदामवाल्यांनी चष्मा वर सरकवला. "ही माझी नाही. असली टेप आम्ही वापरतच नाही. गाडीतसुद्धा आमचाच छापील रोल असतो." ते थांबले. त्यांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. "म्हणजे इथून बाहेर पडल्यावर कुणीतरी खालून उघडलं, बाई. आणि इथून बाहेर पडल्यावर ते फक्त गाडीत होतं."

३

जिन्याचा कठडा पाडून नवा बांधायचं काम चालू होतं. बाई सिमेंटच्या पोत्यांना आणि विटांच्या ढिगाला वळसा घालत, गुडघ्यांना समजावत तिसऱ्या मजल्यावर पोचल्या.

दार मुलीने उघडलं. ती चष्म्याच्या दुकानात काम करत होती, आज अर्धी रजा टाकून थांबली होती. वडील खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. गळ्याशी पांढरं सुती फडकं बांधलेलं, आठ-दहा दिवसांची पांढरी दाढी, मांडीवर लिहायची वही. त्यांनी हात जोडले. बाईंनीही जोडले.

"बाबा बसस्थानकावर उद्घोषक होते," मुलगी म्हणाली. "तेवीस वर्षं."

"म्हणजे फलाटांवरचा तो आवाज तुमचा?" बाई एकदम खुलल्या. "अहो, कॉलेजची चार वर्षं मी तुमच्या आवाजावर बस पकडली! तुम्ही 'त्वरा करा' म्हणालात की मी हातातला चहा टाकून पळायची."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी लकाकलं, आणि मग ते खिडकीबाहेर बघू लागले.

"पुढे तिथे मशीन बसवलं," मुलगी सांगत होती. "रेकॉर्ड केलेला आवाज, शब्द जोडून जोडून. बाबा घरी त्याची नक्कल करायचे. आम्ही हसून लोळायचो. म्हणायचे, पत्र्याच्या डब्याला दात फुटलेत."

वडिलांनी खुर्चीच्या हातावर दोनदा बोटं वाजवली. पुरे, असा त्याचा अर्थ असावा.

बाईंनी विषय यंत्रावर आणला. मुलीला तेवढंच हवं होतं. आठ महिने तिने शोध घेतला होता. कुठलं यंत्र घशाला कमी टोचतं, कुठल्याची बॅटरी टिकते, कुठलं दुकान चांगलं. दुकानदाराशी तिची इतकी पत्रापत्री झाली होती की शेवटी त्याने तिच्या वडिलांची तब्येत विचारायला सुरुवात केली होती. खातं तिने वडिलांच्याच नावाने उघडलं होतं, खोक्यावर त्यांचं नाव यावं म्हणून. त्यामुळे तक्रारही त्यांच्याच नावाने नोंदली गेली होती.

"आणि यंत्र केवढं, तर पंजाएवढं," ती म्हणाली. "त्या दुकानाने ते एवढ्या मोठ्या खोक्यात घातलं, बाकी नुसता फोम. वर तुमच्या कंपनीने भाडं लावलं तीन किलोचं!"

"भाडं आकारमानावर लागतं," बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी एकोणीस वर्षांत इतक्यांदा म्हटलं होतं की आता ते त्यांच्या कानांपर्यंत पोचतही नसे. "थोडं पाणी मिळेल का? मीच घेते, तुम्ही बसा."

पाणी मागितलं की घर दिसतं, हा बाईंचा जुना अनुभव होता. स्वयंपाकघर टापटीप होतं. ओट्यावर औषधी पावडरचा डबा, शेजारी ती मोजायला छोटा डिजिटल काटा. वडिलांना घट्ट काही गिळवत नसणार. बाईंनी भांडं धुऊन पालथं घातलं आणि बाहेर आल्या.

मुलीने मोबाइल पुढे केला. असं महागाचं पार्सल उघडताना हल्ली सगळेच व्हिडिओ काढतात. त्यात वरची टेप दिसत होती, अगदी धड. मग मुलीचा हसरा आवाज, टेप टरकावल्याचा आवाज, कागद, आणि वीट. मोबाइल हलला.

बाईंनी तो व्हिडिओ एकदा बघितला, परत बघितला. तिसऱ्यांदा त्यांनी खोक्याकडे बघितलंच नाही. मागे खुर्चीत वडील बसले होते. वीट बाहेर आली तेव्हा कुणाचीही नजर त्या विटेवर गेली असती.

वडील मुलीच्या चेहऱ्याकडे बघत होते.

४

"पत्ता लागेल ना हो?" मुलीने दारापर्यंत येत विचारलं. "पैसे परत मिळतील हे कळतं मला. पण ते बोलले असते, बाई. गेले अकरा महिने या घरात माझाच आवाज आहे. आता तो ऐकून मलाच कंटाळा आलाय."

"बघते," एवढंच त्या म्हणाल्या.

समोरच्या घराचं दार किलकिलं होतंच. काकू बाहेर आल्या. तक्रारीच्या चौकशीला कुणी आलं आणि समोरच्या काकू बाहेर आल्या नाहीत, असं बाईंच्या कारकिर्दीत एकदाही घडलं नव्हतं.

"सापडला का चोर?"

"शोधतेय. मंगळवारी काही दिसलं तुम्हाला?"

"दिसणार काय? मी कुणाच्या अध्यात ना मध्यात." मग काकूंनी जवळ येऊन सांगितलं, "पण एक सांगते, त्यांच्यासाठी बरं वाटतं. ऑपरेशन झाल्यापासून माणूस खचलाच होता. आता आठवडाभर बघतेय, सावरतोय. रोज दुपारी, पोरगी कामावर गेली की, न्हाणीघरातून दाढीच्या मशीनची घरघर येते. अर्धा अर्धा तास! भिंत एकच आहे ना आमची. म्हटलं, चला, माणूस आरशात बघायला लागला."

बाई दोन पायऱ्या उतरल्या आणि थबकल्या.

कसली दाढी? समोरासमोर बसून बघितलेला चेहरा होता तो. आठ-दहा दिवसांत त्या गालांना काही लागलेलं नव्हतं.

त्या तिथेच सिमेंटच्या पोत्यावर टेकल्या. साडी खराब झाली तर होऊ दे. मशीन दाढीचं नव्हतं, तर घरघरत काय होतं? आणि मग मघाचं ते घासून गुळगुळीत झालेलं वाक्य, त्यांचं स्वतःचंच, त्यांना प्रथमच ऐकू आलं. भाडं आकारमानावर लागतं.

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मालकांचं ठीक होतं. त्यांनी शेवटचं खोकं कधी उचललं ते त्यांनाही आठवलं नसतं. पण त्या स्वतः? एकोणीस वर्षं तेच तर समजावत होत्या! खोकं मोठं आणि माल हलका असला, की लेबलवर खरं वजन येतच नाही. लांबी, रुंदी, उंची मोजून जे निघतं ते येतं. विमानात जागा किती अडवली त्याचं वजन. गाडीवाले तर त्याला सरळ हवेचं वजन म्हणतात.

त्यांनी गोदामात फोन लावला. "त्या खोक्याचं खरं वजन बघा. नोंदवहीत दोन रकाने असतात ना, त्यातलं पहिलं."

पानं उलटल्याचा आवाज आला. "एक किलो शंभर ग्रॅम."

"आणि लेबलवर तीन."

"मग? तसंच असतं की."

"तसंच असतं," बाई म्हणाल्या. "हे तुम्हाला माहीत, मला माहीत, गाडीवाल्याला माहीत. मग आपल्यातला चोर खोक्यात बरोबर तीन किलो कशाला भरेल? तो एक किलो शंभरच भरेल. लेबलवरच्या आकड्यावर विश्वास ठेवून, वीट फोडून, काट्यावर तोलून तीनचे तीन करणारा माणूस आपल्या धंद्यातला नाहीच."

फोन पर्समध्ये टाकून त्या उठल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. गुडघ्यांची माफी मागून त्या परत वर चढू लागल्या.

५

"तुमच्या बाबांच्या ओळखपत्राची झेरॉक्स लागेल," बाईंनी दारातच मुलीला सांगितलं. "विसरलेच बघा मघाशी. आणाल का पटकन?"

मुलगी गेली. बाई खुर्ची ओढून म्हाताऱ्यासमोर बसल्या. मुलीसमोर हे बोलायला त्यांचं मन झालं नव्हतं.

"मंगळवारी गाडीवाला गेला आणि तुम्ही खोकं उघडलंत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "वरून नाही, खालून. वरची टेप ती बघणार हे तुम्हाला ठाऊक होतं. जिन्यातली वीट आणलीत, ओट्यावरच्या काट्यावर तोललीत, लेबलवर तीन लिहिलंय म्हणून तीन भरलंत. फक्त आमच्याकडे ते वजन खरं नसतं. तुमची गाठ खोटं वजन लिहिणाऱ्या कंपनीशी पडली, बाबा."

म्हाताऱ्याने मांडीवरची वही मिटली.

"यंत्र न्हाणीघरात असावं. रोज दुपारी दाढी होते म्हणतात काकू, पण दाढी तर जागच्या जागी आहे."

मग म्हाताऱ्याने वही उघडली आणि लिहायला घेतलं. अक्षर मोठं, सुटं, फलकावर लिहावं तसं होतं.

'आल्या आल्या लावून बघितलं. वाटलं, ती आली की तिला हाक मारू.' पेन थांबलं. 'तोच आवाज निघाला. स्टँडवरच्या मशीनचा. ज्याला मी जन्मभर हसलो.'

बाईंनी वाचून वही परत त्यांच्याकडे सरकवली.

'तिने आठ महिने घातले. तिला नको कसं म्हणू? बोलताना नको म्हटलं तर सोबत हसता येतं, पाठीवरून हात फिरवता येतो. कागदावर लिहिलेलं नको फार उघडं दिसतं. म्हटलं हरवलं तर कुणाचंच मन मोडणार नाही. तुमचा विमा असतो ना?'

"असतो. पण तिने टेप फोडली तेव्हा तुम्ही तिच्याकडेच बघत होतात. मोडलं ना मन?"

म्हाताऱ्याने डोळे मिटले आणि मान हलवली. हो.

"मग फेकून का नाही दिलंत? अर्धा अर्धा तास न्हाणीघरात काय करता?"

या वेळी त्यांनी फार लहान अक्षरात लिहिलं. 'तिची हाक जमते का बघतो. तेवढीच.'

बाईंना गलबलून आलं. त्यांनी पदराने नाक पुसलं आणि मग जे सांगायला आल्या होत्या ते सांगितलं. ते सांगताना त्यांना फार वाईट वाटलं, पण टाळून चालणार नव्हतं.

"विमा पैसे देतो, बाबा. पण आधी त्याला माणूस लागतो. कुणाच्या हातून गेलं ते सांगा म्हणतो. आमच्या मालकांनी सांगितलंय. गाडीवाला. पाच वाजता त्याला काढताहेत, चोर म्हणून."

म्हाताऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी वही ओढली, आणि पेन कागदात रुतेल इतकं दाबून लिहिलं.

'कोण? तो, जो तीन जिने चढून येतो?'

"तोच."

भिंतीवरच्या घड्याळात पाचला वीस कमी होते.

६

"दोन ओळी लिहून द्या," बाई म्हणाल्या. "फोटो काढून मालकांना पाठवते. तेवढं पुरे आहे. मुलीला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

त्यांनी नवं पान काढलं. 'मी' एवढं एक अक्षर लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. मग ते उठून आत गेले, आणि परत आले तेव्हा त्यांच्या एका हातात ते यंत्र होतं आणि दुसऱ्या हातात त्यांचा जुना फोन. त्यांनी बोटांनी खूण केली. नंबर.

"अहो, लिहिलेलं चालेल," बाई म्हणाल्या.

त्यांनी मान हलवली. चालणार नव्हतं.

बाईंनी नंबर लिहून दिला. त्यांनी तो लावला, स्पीकर चालू केला, यंत्र गळ्याशी नेलं.

"हॅलो?" मालकांचा आवाज आला.

"हॅ-लो. मी. ते. खो-कं." घरघरता, सपाट, एका सुरातला आवाज होता. चढ नाही, उतार नाही. बाईंच्या अंगावर शहारा आला आणि त्यांना स्वतःचाच राग आला.

"नको, नको. आम्हाला कर्ज नको," मालक म्हणाले. "ही मशीनं दिवसभर पिडतात!" आणि फोन बंद झाला.

म्हातारा तसाच उभा राहिला. ज्या गोष्टीला भिऊन त्याने वीट फोडली होती, ती भर दिवसा घडून गेली होती. बाईंनी आपला फोन काढायला पर्समध्ये हात घातला, आणि तेव्हा त्यांना दारात मुलगी दिसली. हातात झेरॉक्सचे कागद.

"सांगते तुम्हाला," बाई घाईने म्हणाल्या.

"नको. कळलं मला." मुलगी आत आली. तिने कागद टेबलावर ठेवले, वडिलांचा यंत्राचा हात धरला आणि बोटभर वर, जबड्याखाली सरकवला. "इथे धरा, बाबा. तिथे मांस घट्ट आहे, शब्द अडकतात. त्यांच्या पुस्तिकेत चित्र आहे, मी शंभरदा बघितलंय. आणि एकेक अक्षर नका तोडू, शब्द पुरा झाल्यावर बोट काढा."

वडील तिच्याकडे बघत राहिले.

"भांडणार आहे मी तुमच्याशी," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "खूप भांडणार आहे. पण या वेळी तुम्हालाही उत्तर देता येईल. आता लावा फोन."

त्यांनी लावला. पाचला सात मिनिटं कमी होती.

"हॅलो?"

"फोन ठेवू नका," यंत्र म्हणालं. आवाज तोच होता, पण आता शब्द सलग होते, स्वच्छ होते, आणि त्यांच्यामागे तेवीस वर्षांची सवय उभी होती. "मी माणूस बोलतोय."

या वेळी मालकांनी फोन ठेवला नाही.

"तुमचं खोकं मी उघडलं. वीट मी भरली. यंत्र माझ्याकडे आहे. गाडीवाल्याने काही केलेलं नाही."

"अहो, पण..." मालक गडबडले. "हे काय चाललंय? कोण बोलतंय? कशावरून तुम्हीच ते गृहस्थ?"

"मशीन माफी मागत नाही," म्हातारा म्हणाला. "मी मागतोय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मालकांनी घसा खाकरला. मग एक कागद फाटला, आधी उभा, मग आडवा. "बाई आहेत का तिथे?" त्यांनी विचारलं. "त्यांना म्हणावं, पत्र फाडलं. तुमच्या तक्रारीचं काय करायचं ते उद्या बघू."

बाईंनी सुटकेचा श्वास सोडला आणि फोन घ्यायला हात पुढे केला. पण म्हाताऱ्याने फोन दिला नाही.

"तो आहे का तिथे?" त्याने विचारलं.

"कोण, गाडीवाला? बाहेर बाकावर बसलाय."

"त्याला द्या."

पावलं वाजली, दार उघडलं, कुणीतरी दबक्या आवाजात काहीतरी समजावलं. मुलीने वडिलांमागे खुर्ची सरकवली. ते बसले, आणि तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"हॅलो," गाडीवाला भीत भीत म्हणाला. "कोण बोलतंय?"

"मी, तिसऱ्या मजल्यावरचा," म्हातारा म्हणाला. "मला बोलायला वेळ लागतो. थांबशील का?"